पाळीचा शेवटचा तास

बातमीत दुरुस्ती करा म्हणून दैनिकाच्या कचेरीत येणारी माणसे मी तीस-बत्तीस वर्षे पाहिली. कोणाचे वय चुकलेले असायचे, कोणाचे गाव. कोणाचा त्या भांडणाशी काही संबंध नसायचा. जवळजवळ प्रत्येकाला बातमीतून आपले नाव काढून हवे असायचे. आपले नाव घाला म्हणून आलेला एकच माणूस मला आठवतो. साहेबराव पठाडे, राहणार करमाड.

शहराचे नाव तेव्हा औरंगाबादच होते. जालना रोडवर चिकलठाण्याकडे नवे कारखाने उभे राहत होते आणि करमाड-शेंद्र्याकडची शेतकऱ्यांची मुले तिथे पाळीवर जाऊ लागली होती. अशाच एका कारखान्यातल्या अपघाताची बातमी मी दिली होती. पत्रा दाबण्याच्या यंत्रात हात सापडून किसन पठाडे या कामगाराची दोन बोटे तुटली. शेवटचे वाक्य असे होते: ‘अपघात कामगाराच्या हलगर्जीपणामुळे घडल्याचे समजते.’ ‘समजते’ हे क्रियापद आमच्या धंद्यात फार उपयोगाचे आहे. कोणाकडून समजते ते सांगावे लागत नाही.

चौथ्या दिवशी दुपारी एक उंच, सावळा माणूस माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. अंगात खाकी शर्ट, वरच्या खिशात घडी घातलेला आमचाच अंक.

“ह्ये तुम्ही लिहिलं का?”

मी हो म्हणालो.

“चुकीचं हाय. हलगर्जी किसनची नव्हती. माझी होती. माझं नाव छापा.”

त्याने बाजूच्या खिशातून बोटाएवढा बाभळीच्या लाकडाचा तुकडा काढला आणि माझ्या कागदांवर ठेवला. एका टोकाला निमुळता, चाकूने गुळगुळीत तासलेला.

“ह्याला आम्ही खुंटी म्हणतो.”

मग त्याने जे सांगितले ते असे. यंत्राला दोन बटणे असतात, दोन्ही हातांसाठी. दोन्ही एकाच वेळी दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे एकही हात ठोकळ्याखाली नसतो. त्यासाठीच ती सोय. पण एका बटणाच्या फटीत खुंटी ठोकली की ते दाबलेलेच राहते. एक हात मोकळा होतो आणि त्या हाताने पत्रा भराभर सरकवता येतो. काम जवळजवळ दुप्पट निघते. साहेबराव त्या शॉपमधला, म्हणजे पत्रा दाबण्याच्या विभागातला, सगळ्यात वेगवान कामगार होता. खुंटीची युक्ती त्याचीच. किसन त्याचा धाकटा चुलतभाऊ. त्याला कारखान्यात साहेबरावानेच लावले होते आणि खुंटीही त्यानेच तासून दिली होती.

“पाळी सुटायला अर्धा तास होता. मी त्याच्या मागं उभा राहून त्याला हाकत होतो. बोटं गेली तशी माणसं त्याच्याकडं धावली. मी आधी खुंटी काढली आन् खिशात घातली.” त्याने लाकडाच्या तुकड्याकडे बोट केले. “तीन दिवस खिशातच होती.”

“कारखान्यात सांगितलंत?”

“तिथूनच आलो. तिथं सांगितलं, आता हितं सांगतो. गावात तुमचा पेपर येतो. बाया किसनच्या बायकोला इचारत्यात, नवऱ्याचं ध्यान कुठं होतं म्हणून.”

संपादकांनी दोन ओळींचा खुलासा छापला. सदर अपघात कामगाराच्या हलगर्जीपणामुळे झाला नसल्याचे समजते. साहेबरावाचे नाव त्यात नव्हते; उद्या कोर्टात भानगड नको, असे संपादकांचे म्हणणे पडले. खुंटी मात्र साहेबराव जाताना घेऊन गेला होता.

काही वर्षांनी औद्योगिक वसाहतीवर लेख लिहायचा म्हणून मी त्याच कारखान्यात गेलो. पहिली पाळी साडेतीनला सुटायची. मी पोचलो तेव्हा पावणेतीन झाले होते. आत यंत्रे धडधडत होती. बाहेर, प्रेसशॉपच्या भिंतीला लागून एक लाकडी खोका पालथा घातलेला होता आणि त्यावर एक माणूस शॉपकडे पाठ करून कुंपणाकडे बघत बसला होता.

“फोरमन कुठे भेटतील?” मी विचारले.

“मीच,” तो म्हणाला. त्याने मला ओळखले. “समजतेवाले ना तुम्ही?”

दोन वर्षांपूर्वी साहेबरावांना फोरमन केले होते. तसे करणाऱ्या जुन्या मॅनेजरांना मी त्याचे कारण विचारले. ते म्हणाले, “बाकीचे काय लपवतात ते मला शोधावं लागतं. याचं शोधावं लागत नाही.” पण खोक्याचे कारण त्यांनाही नीट सांगता आले नाही. ते साहेबरावांनीच सांगितले.

जन्म निजामाविरुद्ध पोलीस ॲक्शन झाली त्या सुगीतला, असे त्यांची आई सांगायची. शाळेतली तारीख मास्तरांनी टाकलेली. तरुणपणी ते शंकरपटात बैलजोडी पळवायचे. जीभ टाळूला लावून टॉक-टॉक आवाज काढायचा आणि जोडी सोडायची. पंचक्रोशीत त्या आवाजाला नाव होते. कारखान्यात आल्यावर बैल सुटले, आवाज राहिला. पाळीचा शेवटचा तास लागला, आकडा पुरा होईल की नाही अशी वेळ आली, की जीभ आपोआप टाळूला लागायची. मागे तो आवाज झाला की पुढचा कामगार वेग वाढवायचा.

“मी काय बोलत नव्हतो कुणाला. नुसता उभा राहायचो,” ते म्हणाले. “पण मी उभा राहिलो की माणसं पळत्यात. आन् पळायला लागली की मला लई बरं वाटतं. ते बरं वाटणंच वाईट हाय. म्हणून अडीच वाजले की मी भाईर.”

“आणि शॉप?”

“सलीमभाई हाय ना. त्येला घाई होत नाही. सोताच्या लग्नालाबी तो उशिरा गेला होता.”

सलीमभाई पडेगावचे. शॉपमधले सर्वांत जुने कामगार, जाड भिंगांचा चष्मा, बोलणे मराठी आणि दखनी यांच्या मधले. मेन स्विचची चावी त्यांच्याकडे असे. फोरमनकडे असायला हवी ती चावी साहेबरावांनी फोरमन झाल्याच्या पहिल्याच दिवशी त्यांना दिली होती. एकच हुकूम: अडीचनंतर ही चावी मला द्यायची नाही, मी काहीही म्हणालो तरी.

अडीचला साहेबराव बाहेर निघाले की शॉपमध्ये कोणीतरी हमखास म्हणे, “अण्णा निघाले वनवासाला.” दुसरा म्हणे, “सीतामाई करमाडला, लक्ष्मण यंत्रावर.” साहेबराव ऐकत आणि हसत जात. ते सगळ्यांचे अण्णा होते. कोणी ‘साहेब’ म्हटले तर म्हणत, “नावात एकदा हाय तेवढं बास.”

नव्या कामगाराला पहिल्या दिवशी ते जवळ बसवून घेत. हे मी स्वतः ऐकलेले आहे. शेंद्र्याचा एक तरणा गडी त्या दिवशी रुजू झाला होता.

“घरी कडबा कुट्टीचं मशीन हाय का?”

“हाय ना, अण्णा.”

“शेवटचा मूठभर कडबा कसा लोटतो तू?”

त्याने तळहात पुढे करून दाखवले.

“त्योच हात हितं येतो. आपल्याला चारायची सवय. मशीन दिसलं की आपण चारायला जातो.” मग टेबलाच्या खणातून ती जुनी खुंटी काढून त्यांनी त्याच्या हातावर ठेवली. “आता ऐक. मशीन कसं चालतं ते सलीमभाई सांगतील. मी कसा चालतो ते मी सांगतो. मी तुझ्या मागं उभा राहून टॉक-टॉक केलं तर समज, बैल हाकतोय मी. त्या वक्ताला माझं ऐकायचं नाही. हात बटणावरून काढायचे आन् माझ्याकडं बघत राहायचं.”

“फोरमनकडं? असं कसं बघू, अण्णा?”

“मला लाज वाटंस्तोवर बघायचं.”

एकदा कंपनीने सगळ्या फोरमन लोकांसाठी दोन दिवसांचे शिबिर घेतले. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी प्रत्येकाला एक छापील कागद दिला. डावीकडे आपले गुण लिहायचे, उजवीकडे दोष. बाकीचे मान खाली घालून लिहू लागले. साहेबराव उठले, कागद घेऊन मैदान ओलांडून शॉपमध्ये गेले आणि पाऊण तासाने परत आले. डावी बाजू कोरी होती. उजवीकडे सलीमभाईंच्या अक्षरात पाच ओळी होत्या.

“तुम्ही स्वतः लिहायचं होतं,” तज्ज्ञ म्हणाले.

“मी लिहिलं असतं तर चांगलंच लिहिलं असतं. मला माझी पाठ कुठं दिसते? त्येला रोज दिसते.”

“आणि गुणांची बाजू?”

“त्येला म्हणलं लिही. तर म्हणतो, आज टाइम नाय.”

त्या पाच ओळींत काय होते ते मी सलीमभाईंना विचारले. एक तेवढी त्यांनी सांगितली: ‘अण्णाला शाबासकी आवडते. आवडत नाही म्हणतात ते झूट आहे.’

हे सगळे वाचून साहेबराव फार शांत माणूस असावा असे वाटेल. तसे नव्हते. तापट होते, रुसत. शंकरपटाचा विषय निघाला की तोच किस्सा दरवेळी थोडा वाढवून सांगत. पालथ्या खोक्यावर बसलेले असतानाही आतून यंत्रांचा आवाज येई आणि त्यांच्या उजव्या हाताची बोटे गुडघ्यावर त्या ठेक्याने चालत. डाव्या हाताने ती बोटे दाबून धरलेली मी पाहिली आहेत.

पुढची घटना घडली तेव्हा मी तिथे नव्हतो. ती मी तिघांकडून वेगवेगळी ऐकली: सलीमभाई, तीन नंबरच्या यंत्रावरचा कैलास आणि स्वतः साहेबराव. तिघांची हकीकत जुळते. फरक एकाच ठिकाणी आहे, तो पुढे येईल.

जुने मॅनेजर जाऊन नवे आले होते. त्यांच्या टेबलावर साहेबरावांच्या बढतीची फाईल होती. शॉप सुपरिंटेंडेंटची जागा, शहरात क्वार्टर. त्या आठवड्यात एक तातडीचा माल जायचा होता. ट्रक गेटवर उभा होता. अडीचला साहेबराव बाहेर निघाले तेव्हा मॅनेजर दारातच भेटले.

“आज तुम्ही लाईनवर थांबायचं.”

“साहेब, शेवटच्या तासाला मी तिथं नसलेला बरा.”

“फोरमन लाईनवर नसलेला बरा? हे मी वरती लेखी कळवू का?”

साहेबराव परत आत गेले. दहा मिनिटे ते हात मागे बांधून उभे होते. मग जिभेचा आवाज सुरू झाला. कोणी मान वर केली नाही. तीन नंबरचे एक बटण अडखळत होते, त्यामुळे कैलास मागे पडत होता. साहेबराव त्याच्यापाशी गेले, बटण दाबून पाहिले, मग बाजूच्या खोक्याची फळी मोडून तिची चिरफळी काढली. खिशातला चाकू उघडला आणि तासायला लागले.

सलीमभाईंनी ते पाहिले. ते मेन स्विचपाशी गेले, स्विच पाडला, चावी काढून शर्टाच्या खिशात टाकली आणि खिशाचे बटण लावले. सगळी यंत्रे थांबली.

“चावी दे, सलीम.” एरवी ते सलीमभाई म्हणत.

“नाय देत, अण्णा.”

“गाडी उभी हाय गेटवर!”

“उभी राहू द्या.”

“फोरमन कोण हाय हितं? मी का तू?”

“तुम्हीच. म्हणून तर देत नाय.”

“मग मीच सांगतो, दे!”

“अडीचच्या पहिलेचे अण्णा बोलले होते, अडीचनंतरच्या अण्णाला देऊ नक्को. मी त्यांचं ऐकतो. तुमचं नाय.”

यावर साहेबराव सलीमभाईंच्या वडिलांबद्दल बोलले. फरक आहे तो इथे. ती शिवी सलीमभाईंच्या सांगण्याप्रमाणे एकदा दिली गेली, कैलासच्या सांगण्याप्रमाणे दोनदा. साहेबराव म्हणाले, तीनदा.

सलीमभाई हलले नाहीत. कैलासने हात बटणांवरून काढले होते आणि तो साहेबरावांकडे बघत होता. शेजारचा बघत होता, त्याच्या पलीकडचा बघत होता. पहिल्या दिवशी प्रत्येकाला शिकवलेले ते सगळ्यांनी केले. साहेबरावांची नजर आपल्या हातांकडे गेली. एका हातात चाकू, दुसऱ्यात अर्धी झालेली खुंटी. त्यांनी चाकू मिटला आणि बाहेर जाऊन खोक्यावर बसले. आत बटण दुरुस्त व्हायला वीस मिनिटे लागली. ट्रक अर्ध्या मालावर गेला.

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होण्याआधी साहेबरावांनी सगळ्यांना एकत्र बोलावले. “सलीमभाईंच्या वडलांबद्दल काल मी जे बोललो ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलं. सगळ्यांसमोर परत घेतो.”

“परत घेऊन कुठं ठेवताव, अण्णा?” सलीमभाई म्हणाले. “राहू द्या. काम सुरू करू.”

दुपारी मॅनेजरांनी साहेबरावांना बोलावले. टेबलावर सलीमभाईंच्या नावाची नोटीस टाइप होऊन तयार होती. वरिष्ठांचा आदेश मोडणे, यंत्रे बंद पाडणे, मालाच्या रवानगीत अडथळा. निलंबन, पुढे चौकशी. खाली फोरमनच्या सहीची जागा कोरी होती. मॅनेजर वाईट माणूस नव्हते. अर्धा ट्रक का गेला याचे उत्तर त्यांनाही वरती द्यायचे होते. ते एवढेच म्हणाले, “सही करा. तुमची फाईल मी उद्याच पाठवतो.”

साहेबराव कागद घेऊन बाहेर आले. सही केली असती तर काय झाले असते, हे मला त्यांनी न लपवता सांगितले. “क्वार्टरला दोन खोल्या होत्या. नळ घरात होता. बायकोला मी बोलून बसलो होतो. आन् खरं सांगू? पहिल्या झटक्याला सलीमचा रागच आला होता मला. रातभर होता. सगळ्यांसमोर नाय म्हणला ना त्यो.” मग म्हणाले, “खुंटी एकदा खिशात घालून बघितली होती. तीन दिवस. पुन्हा नको म्हणलं.”

त्यांनी नोटीस सही न करता परत दिली आणि सोबत आपला अर्ज दिला. त्याची नक्कल त्यांनी मला दाखवली होती. चार ओळी आहेत.

‘काल दुपारी लाईन थांबली ती माझ्यामुळे. मी बटणात घालण्यासाठी खुंटी तासत होतो. सलीमभाईंनी माझ्याच जुन्या हुकमाप्रमाणे चावी काढली व मला दिली नाही. शिक्षा द्यायची तर मला द्यावी.’ खाली लिहिले होते: ‘सोबत अर्धवट खुंटी, नग एक.’ ती दोऱ्याने कागदाला बांधली होती.

मॅनेजरांनी नोटीस फाडली. साहेबरावांना लेखी ताकीद मिळाली. सुपरिंटेंडेंटची जागा दुसऱ्या शॉपच्या फोरमनला मिळाली. क्वार्टरचे पुढे कोणी नाव काढले नाही. घरी काय झाले ते मी विचारले नाही. निवृत्त होईपर्यंत साहेबराव फोरमनच राहिले आणि निवृत्त होईपर्यंत अडीचला बाहेर गेले. पुढे त्यांच्या शॉपमध्ये एकाही माणसाचे बोट गेले नाही, असे सलीमभाई सांगतात. कारखान्याच्या नोंदी मी पाहिलेल्या नाहीत.

त्यांना मी शेवटचे पाहिले ते करमाडला, त्यांच्या शेतात. निवृत्तीला बरीच वर्षे झाली होती. मी दुसऱ्या कामाने त्या रस्त्याने चाललो होतो, आणि रस्त्यावरूनच पाठ ओळखू आली. मक्याची मळणी चालू होती. आभाळ भरून आले होते आणि शेतात सगळ्यांची धांदल होती. कणसे यंत्रात पडत होती, भुसा उडत होता. पंचवीस-तीस पावलांवर साहेबराव कांद्याच्या क्रेटवर बसले होते, यंत्राकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून.

“या, समजतेवाले.” त्यांनी दुसरे क्रेट माझ्याकडे सरकवले.

मी म्हणालो, “इथे तर तुम्ही फोरमन नाही.”

“पर घाई तीच हाय.”

यंत्रात कणसे लोटायला त्यांचा पुतण्या होता. मोटारीच्या खटक्यापाशी एक म्हातारा उभा होता, हात खटक्यावर ठेवून. त्या हाताला तीनच बोटे होती. किसन हाच, हे मला विचारावे लागले नाही. मी त्यांना त्याआधी कधी पाहिले नव्हते.

आम्ही थोडा वेळ बोललो. सलीमभाई दर ईदला येतात, म्हणाले; त्या कागदाची गुणांची डावी बाजू अजून लिहून दिलेली नाही. तेवढ्यात लांब ढग गडगडले. मागे पुतण्या ओरडला, “चला, चला, उरका!” साहेबरावांनी मान वळवली नाही. पण त्यांच्या तोंडातून तो आवाज आला. टॉक. एकदाच. त्यांनी तळहात तोंडावर धरला आणि तसाच ठेवला. मग हात काढून, रस्त्याकडेच बघत, ते मोठ्याने म्हणाले, “किसन, हात कुठवर जातोय रे त्येचा?”

“भाईरच हाय, दादा,” मागून उत्तर आले. “तू तिकडंच बघ.”

ते तिकडेच बघत राहिले.